रस गप्प होईपर्यंत

इनास रांजणाला कान लावून उकिडवा बसला होता.

"गप्प होत आलाय," तो म्हणाला.

मीही वाकून कान लावला. आत बारीक चुरचुर चालली होती, मध्येच थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. काजूच्या बोंडांचा रस आंबताना बोलतो. पहिल्या दिवशी तर भाटीच्या, आमच्या फेणी गाळायच्या खोपीच्या, बाहेरूनही ऐकू येतो. तो बोलायचा थांबला की लगेच चुलीवर चढवून त्याची फेणी काढायची. उशीर झाला तर सिरका होतो.

"किती वेळ आहे?"

"आजचा दिवस. उद्या माझ्या बायकोला दे, डुकराच्या सोरपोतेलात घालील."

तो हसला नाही. सवयीनं बोलला होता. इनास आमचा शेजारी, आणि भाटी सुरू झाल्यापासून पपांचा जोडीदार. लाकडं, आग, ओझी सगळं त्याच्याकडे.

रस पपांनी तुडवलेला होता. त्या सकाळी बोंडं तुडवून झाल्यावर ते दगडी टाकीतून बाहेर आले, पाय धुतले, भिंतीला टेकून बाकावर बसले, आणि इनास चहा घेऊन आला तेव्हा तसेच बसलेले होते. मी पुण्याहून पोचले तोवर त्यांना अंगणात आणलं होतं. आता अग्नी देऊन झाला होता, अस्थी नदीत सोडून झाल्या होत्या. टाकीच्या काठाशी त्यांच्या चपला मात्र तिथंच होत्या. कुणी हलवल्या नव्हत्या. मीही नाही.

"पेटवायची का, ते तू वर विचार," इनास म्हणाला. "मी कोण सांगणार."

पपांनी आयुष्यभर फेरीबोट चालवली. मोरजुवें बेटावरून पलीकडच्या धक्क्यावर, पलीकडच्या धक्क्यावरून मोरजुव्यात. "एवढी वर्षं चाललो आणि कुठं पोचलो नाही," असं ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर घरामागच्या उतारावर त्यांनी भाटी बांधली. भाटी नवी होती, रीत जुनी. बेटावर इतरांकडे बोंडं चिरडायची यंत्रं आली होती. पपांनी आणू दिलं नाही. झाडावरून बोंड तोडायचं नाही, आपण होऊन पडलेलं उचलायचं. पायांनी तुडवायचं. साखर नाही, पाण्याचा थेंब नाही. तांब्याच्या भाणाचं तोंड वारुळाच्या मातीनं लिंपून बंद करायचं. हंगाम संपेतो त्यांच्या तळव्यांची साल निघालेली असायची आणि घोटे काळे पडलेले असायचे. मी म्हणायचे, "पपा, या वयात कशाला?" ते म्हणायचे, "बोटीवर पाय नुसते उभे होते. आता कामाला लागलेत."

पणजीहून लोक येऊन फेणी घेऊन जायचे ते मात्र पपांच्या नाकासाठी. जोर किती आहे ते पेला हलवून वर येणाऱ्या बुडबुड्यांच्या मण्यांवरून कुणालाही कळतं. पण धार कुठं थांबवायची ते मणी सांगत नाहीत. शेवटी शेवटी जे उतरतं ते फिकं असतं, त्याला शिळ्या ओल्या फडक्यासारखा वास असतो, आणि ते मिसळलं की सगळं बिघडतं. फार आधी थांबवलं तर चांगला माल भाणातच राहतो. ती वेळ पपांना कळायची. बोटीवरच्या दिवसांपासून बेट त्यांना पात्रांव, म्हणजे तांडेल, म्हणायचं. लोक म्हणायचे, भाटी कुणीही बांधील, पात्रांवाचं नाक कुठून आणील?

आईला दारूचा वास चालायचा नाही. तिचे वडील पिऊन गेले. ती भाटीत कधी उतरली नाही. घर तिचं आणि उतार पपांचा, अशी वाटणीच होती. फेणी उतरत असली की पपा हटकून छोट्या पेल्यात थोडी घेऊन पायवाटेनं वर यायचे आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभे राहायचे.

"पुन्हा आणलीत?" आई आतूनच म्हणायची.

"वास तरी घे."

"इथं भात शिजतोय. न्या ती तिकडं."

पपा हसत खाली जायचे. थोड्या वेळानं पुन्हा हजर. पुन्हा तेच. अखेरीस ती पदर नाकाला लावून तोंड फिरवायची, तेव्हा कुठं त्यांचं समाधान व्हायचं. मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी आले की हे रोज चालायचं. इनास आईची नक्कल करायचा, खांद्यावरचा पंचा नाकाला लावून. मीसुद्धा पुण्यात मैत्रिणींना हे सांगून हसवलं होतं: आमच्या घरी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी छेड काढणं संपलेलं नाही.

मी वर गेले. ओसरीवर जयवंतकाका बसले होते, पपांचे धाकटे भाऊ. मला भाऊ नाही म्हणून क्रिया त्यांच्याकडे आली होती. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर, एकवेळ जेवण. बसल्या जागी त्यांचा डोळा लागत होता.

"काका, भाटी पेटवायचीय."

त्यांनी डोळे उघडले. "घरात चूल पेटलेली नाही आणि भाटी पेटवणार?"

"आज चढवला नाही तर रस जाईल."

"जाऊ दे. माणूस गेला, वृंदा."

"तो त्यांनी तुडवलेला आहे."

काकांनी डोक्यावरून हात फिरवला, तिथं केस नाहीत हे पुन्हा आठवल्यासारखा लगेच खाली घेतला.

"ते मला कळतं," ते म्हणाले. "पण पहिली धार राखणदाराची. ती त्याला दिल्याशिवाय भाटीतून थेंब बाहेर न्यायचा नाही, हा दादाचाच नियम. सुतकात आपण देव्हाऱ्याला हात लावत नाही, त्याला कुठल्या हातानं देणार? उद्या बेटावर कुणाचं काही बरंवाईट झालं तर लोक मला विचारतील. तू पुण्याला जाशील."

खरं होतं ते. राखणदार म्हणजे बेटाच्या हद्दीवरचा देवचार. आमच्या कुंपणाजवळच्या सातविणीखाली त्याचा दगड आहे. पपा पहिली धार करवंटीत घेऊन तिथं ठेवायचे, सोबत एक विडी. त्याआधी कुणी थेंब चाखला तर दिवसभर बोलायचे नाहीत.

इनास माझ्यामागून येऊन पायऱ्यांखाली उभा होता.

"मला सुतक नाही," तो म्हणाला.

"काय?"

"तुमचं सुतक मला कुठं? आग मी लावतो. त्याला मी देतो. तो कुंपणावर राहतो, जयवंत. इकडं तुमचं घर, तिकडं माझं. मी माझ्या बाजूनं देतो."

"तू किरिस्तांव."

"त्यानं आजवर कधी विचारलं नाही."

काकांच्या तोंडावर काहीतरी हललं. "पण भाटी आमचीच ना?"

"आजचा दिवस मला दे. संध्याकाळी परत घे."

काकांनी मधल्या खोलीकडे मान वळवली. आई तिथं भिंतीला टेकून बसलेली होती. सांत्वनाला आलेल्या बायका नुकत्याच उठून गेल्या होत्या. दोन दिवसांत ती कुणाशी धड बोलली नव्हती. शेजारून आलेली पेज तिच्यापुढं ठेवायची आणि तशीच उचलायची, एवढंच आमचं चाललं होतं. तशी ती बोलणारी बाई. पण हल्ली तिचं बोलणं कुठंतरी कमी झालेलं मला आधीही जाणवलं होतं. गेल्या दिवाळीत दूध उतू जाऊन करपलं. पपा शेगडीच्या शेजारीच पेपर वाचत बसले होते. आई परसातून धावत आली, शेगडी बंद केली, भांडं घासायला टाकलं आणि एक शब्द बोलली नाही. एरवी तिनं त्यांना सोडलं नसतं.

"वहिनी," काका म्हणाले, "तुम्ही सांगा."

आईनं विचारलं, "रस कुणाचा आहे?"

"दादाचा."

"मग मला काय विचारता?"

काका उपरणं डोक्यावरून घेऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "करा. मी झोपलोय," म्हणाले.

मला सुतक, म्हणून इनासनं कशालाही हात लावू दिला नाही. रस उपसून त्यानं भाणात ओतला, आधीच्या खेपेचा उराक, म्हणजे पहिल्या उतरणीची कच्ची दारू, त्यात घातली, तोंड मातीनं लिंपलं. लाकडं लागेपर्यंत वाकून फुंकत राहिला. मी बाकाशेजारी जमिनीवर बसून होते. बाकावर बसवेना. ऊन पत्र्यावरून खाली उतरलं. थंड करायच्या मडक्यावर इनास मधून मधून पाणी ओतायचा, तेवढाच आवाज.

धार सुरू झाली. इनासनं पहिली करवंटी भरली, कानामागची विडी काढली, सातविणीखाली जाऊन ठेवली. हात जोडले. मग जरा घुटमळला आणि छातीवर क्रूसही काढला.

"दोन्हीकडं सांगितलेलं बरं," परत येऊन म्हणाला.

धार जरा स्थिरावल्यावर त्यानं पेल्यात थोडी घेऊन हलवली. मणी उठले, काठाला लागून टिकले.

"जोर आहे. वासाचं तू बघ."

मी वास घेतला. उग्र, गोड, डोळ्यांत पाणी आणणारा, आजवर नेहमी आलेला वास. यापलीकडे मला काही कळलं नाही.

"तूच सांग ना, इनास."

"माझं नाक कधीच मेलं, बाय. रोज पाजतो त्याला."

"मग पपा काय करायचे?"

"पेल्यात घ्यायचे, वर जायचे, खाली यायचे."

"वर कशाला?"

"बाईला चिडवायला." तो लाकूड आत सारत होता. "मग येऊन म्हणायचे, चालू दे. नाहीतर म्हणायचे, बास."

लाकूड त्याच्या हातात तसंच राहिलं.

"इथं वास घेताना तू त्यांना बघितलंस?" मी विचारलं.

"पूर्वी घ्यायचे. या बाकावर बसून, डोळे मिटून." तो आठवत राहिला. "हल्ली... हल्ली वर जाऊन आल्यावरच सांगायचे."

मी पेला घेऊन उठले. हात लावू नकोस म्हणून या वेळी त्यानं अडवलं नाही.

पायवाटेवर पपांच्या पावलांनी दगड गुळगुळीत झाले होते. मागच्या दाराशी मी उभी राहिले. आत चूल थंड, ओट्यावर शेजाऱ्यांची झाकलेली भांडी. आई मधल्या खोलीत. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारायची ते कळेना.

मग तिची पावलं ऐकू आली. कपाळ मोकळं, खांद्यावरून पदर घट्ट ओढलेला. दारापर्यंत ती आली नाही. पाण्याच्या घागरीजवळ थांबली, नेहमी थांबायची तिथं. माझ्याकडे नाही, पेल्याकडे बघितलं.

"पुन्हा आणलीस?" ती म्हणाली. आवाज बसलेला होता.

पुढचं वाक्य पपांचं होतं.

"वास तरी घे," मी म्हटलं.

तिनं हात पुढं केला नाही. नुसता श्वास घेतला, सावकाश, डाळीचं झाकण उघडल्यावर घ्यावा तसा.

"आग मोठी आहे. तळाला लागायला आलंय. इनासला म्हणावं, दोन लाकडं ओढ." आणि मग, "ने ती तिकडं."

मी खाली गेले, सांगितलं. इनासनं काही न विचारता दोन लाकडं ओढून विझवली.

दुसऱ्यांदा पेला घेऊन गेले तेव्हा ती आधीच उंबऱ्याशी येऊन बसली होती. वास घेतला आणि मान हलवली. चालू दे. मी तिच्यासमोर पायरीवर बसले.

"कधीपासून, आई?"

"जेटीवर पडले होते ना."

ते मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी शेवाळावरून पाय घसरून डोक्याच्या मागच्या बाजूला आपटले होते. टाके पडले होते. फोनवर पपांनी ते हसण्यावारी नेलं होतं: एवढी वर्षं बोट धक्क्याला लावली, शेवटी धक्का मला लागला.

"टाके निघाले आणि वास गेला," आई म्हणाली. "डॉक्टर म्हणाला, येईल. नाही आला. कशाचाच नाही. जेवायचे ते नुसतं गिळायचे. मासळी नासलीय का ताजी, मला विचारून खायचे."

"मला सांगितलं नाहीत."

"कुणालाच नाही. फेणीवाल्याला नाक नाही म्हटलं तर बेट हसलं असतं. ते म्हणाले, भाटी बंद करतो. तुडवायचं होतं त्यांना, वृंदा. दिवसभर बसून काय करणार होते? मग मीच म्हटलं, आणा इकडं."

"पण तुला तर..."

"मी तोंडाला लावली नाही. कधीच नाही." तिनं माझ्या हातातल्या पेल्याकडे बघितलं. "वास मला लहानपणापासून कळतो. आमचे वडील फाटकातून आत आले की मी माजघरातून सांगायची, किती घेतलीय, कुठून घेतलीय. चांगली असली तर ते झोपायचे. शेवटची, वाईट असली तर आम्ही भावंडं अंथरुणं उचलून शेजारी झोपायला जायचो. चुकून चालत नव्हतं."

खालून मडक्यावर पाणी ओतल्याचा आवाज आला.

"त्यांना हे ठाऊक होतं?"

"म्हणून तर दाराच्या आत कधी आणली नाही त्यांनी." ती उताराकडे बघून म्हणाली, "जा. बघ, धार बदलली असेल."

आणखी एक फेरी झाली, बहुतेक दोन. इनास पेला भरून द्यायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. ऊन नदीवर गेलं होतं, पलीकडून फेरीबोट निघाली होती. शेवटच्या खेपेला मी पायरी चढले तेव्हा आई उभी होती. मी पेला अजून पुढं केलाही नव्हता. तिनं पदर नाकाला लावला आणि तोंड फिरवलं.

मी मागं वळून हात वर केला. खाली इनासनं बघितलं आणि धारेखालचं भांडं काढून घेतलं.

पुन्हा आईकडे बघितलं तर पदर तिच्या तोंडावर तसाच होता. बराच वेळ तिनं तो खाली घेतला नाही. मी पेला पायरीवर ठेवून तिच्याजवळ गेले. संध्याकाळी तिनं वाटीभर पेज घेतली.

तेराव्याला जेवणं झाल्यावर काकांनी त्या फेणीची बाटली काढली. बेटावरची चार मोठी माणसं ओसरीवर होती. पहिला घोट घेऊन काका थांबले. त्यांचे डोळे भरले होते.

"दादाचं नाक," ते म्हणाले. "गेला, पण आपला रस सोडून गेला नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. इनास खांबाला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी आईकडे बघितलं. ती दारात ताटं गोळा करत होती.

"भावोजींना पाणी दे," ती मला म्हणाली आणि ताटं घेऊन आत गेली.

त्यानंतर दर हंगामाला मी रजा घेऊन यायचे. तुडवायला इनासचा पुतण्या, आग इनासची, पेला माझ्याकडे. बेटावर म्हणू लागले, पोरीनं बापाचं नाक घेतलंय. आई आणि मी त्यावर कधी बोललो नाही. तीच दोन वाक्यं ती बोलायची, तीच मी.

या पौषात आई गेली. झोपेत गेली, कुणाला त्रास न देता.

चैत्रात बोंडं पडू लागली तशी मी रजा घेऊन आले. रस गप्प झाला तेव्हा इनासनं वर घरी निरोप पाठवला. आता त्याला उकिडवं बसता येत नाही, स्टूल घेऊन रांजणाला कान लावतो. धार सुरू झाल्यावर त्यानं नेहमीसारखा पेला भरला, माझ्या हातात दिला. मी तो घेऊन पायवाटेनं वर गेले. आत मीच लावलेला भात शिजत होता. मागच्या दाराशी उभी राहिले. घागर तिच्या जागेवर होती. बराच वेळ झाला. भाताला वाफ आली, ओल्या तांदळाचा वास पेल्यातल्या वासावरून गेला. मग मी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, श्वास घेतला.

खाली आले तेव्हा इनास आगीसमोर बसून वाट बघत होता.

"काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"चालू दे म्हणाली," मी सांगितलं.